मयतीचा ठेका, लाकडाचं वजन आणि मृत्यूची नोंद : आधी काय ठरवून ठेवावं?

गोदाकाठ (धागाकर्ता)

माणूस गेला की माती कधी, लेकी-पाव्हण्यांची वाट किती बघायची, गाडी कुणाची, लाकूड कुठून, हे सगळं पहिल्या दोन तासांत ठरतं. घरचं माणूस तेव्हा भाव विचारायच्या स्थितीत नसतं. भावकीतला जो पुढं होतो त्यालाही घासाघीस करणं बरं वाटत नाही. पैसे इथंच जास्त जातात, आणि पुढं सहा-सहा महिने नडणारे कागदही याच दोन तासांत राहून जातात. म्हणून हा धागा. ज्यांना यातलं नेमकं माहीत आहे त्यांनी लिहावं. मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांत उपयोगी पडेल असं हवं.

सुरुवात माझ्याकडून. घरातल्या साठीपुढच्या प्रत्येकानं एक पान लिहून ठेवावं. माती गावात की राहत्या शहरात, दहन, दफन, समाधी की देहदान, विद्युत किंवा गॅस दाहिनी चालेल का, विधी तीन दिवसांचे की तेराव्यापर्यंत, आणि खर्चाची वरची मर्यादा. निर्णय घेणाऱ्या दोन माणसांची नावं हवीत, एकाचं नको, कारण तो एक नेमका बाहेरगावी असतो. पेसमेकर बसवलेला असेल तर तेही लिहा, सरणाच्या किंवा दाहिनीच्या उष्णतेनं त्याची बॅटरी फुटते. तो आधी डॉक्टरकडून काढून घ्यावा लागतो.

हे मृत्युपत्रात लिहून भागत नाही. मृत्युपत्र बहुतेक घरांत दहाव्यानंतरच उघडतं. शिवाय अशी इच्छा वारसांवर कायद्यानं बंधनकारक नसते, तेव्हा पान लिहून झालं की मुलं आणि भाऊ यांच्यासमोर एकदा वाचा. आधार कार्डाची प्रत आणि थोडी रोकड त्याच पिशवीत ठेवा. मृताचं एटीएम वापरून पैसे काढणं पुढं वारसांच्या वादात अंगाशी येतं. नवरा-बायकोचं खातं 'दोघांपैकी कुणीही किंवा हयात व्यक्ती' या प्रकारचं असेल तर ही अडचण निम्मी कमी होते.

मांजरा

चांगला विषय. ठेक्याबद्दल लिहितो.

लातूर, नांदेड, संभाजीनगर अशा शहरांत आता 'सगळं आमच्याकडं' म्हणणारे मिळतात. तिरडी, कापड, मडकं, हार, गाडी, शवपेटी, लाकूड, गुरुजी, सगळं एका रकमेत. सोय आहे, वाईट काहीच नाही. पण एक रकमी आकडा कबूल करण्याआधी त्यात काय काय धरलंय ते कागदावर किंवा मोबाइलच्या संदेशात लिहून मागा. नंतर वाढतं ते ठरलेल्या चार जागीच : गाडी थांबली त्याचा तासाचा आकार, पेटीचा दुसरा दिवस, 'लाकूड कमी पडलं' म्हणून जादा क्विंटल, आणि स्मशानातल्या माणसाची वेगळी बक्षिसी. या चारही गोष्टी आधीच विचारल्या की आकडा खरा कळतो.

गाडीबद्दल. १०८ ची रुग्णवाहिका मृतदेह नेत नाही, ती जिवंत रुग्णासाठी आहे. महापालिका किंवा नगरपरिषदेची शववाहिका आहे का, हे आधी विचारा. खासगी गाडी घेताना तीन प्रश्न : किलोमीटर एकेरी धरणार की येण्या-जाण्याचे, टोल आणि डिझेल त्यातच का, थांबण्याचे तास किती फुकट. प्रादेशिक परिवहन प्राधिकरण रुग्णवाहिकांचे दर ठरवून देतं, तो तक्ता गाडीत लावलेला असायला हवा.

कराचं अनेकांना माहीत नसतं. अंत्यविधी, दफन, दहन, शवागार या सेवा आणि मृतदेहाची वाहतूक ही केंद्रीय वस्तू व सेवा कर कायदा, २०१७ च्या तिसऱ्या अनुसूचीत आहेत, म्हणजे त्यांच्यावर जीएसटी लागतच नाही. बिलात गाडीवर किंवा अंत्यविधीच्या सेवेवर जीएसटी लावला असेल तर तो काढायला लावा. तेराव्याचा मंडप आणि स्वयंपाकाचा ठेका यात येत नाही, तो वेगळा व्यवहार.

बालाघाट

लाकडाचा हिशेब मी सांगतो, गावाकडं त्याची फार गल्लत होते.

एका प्रौढ देहाला सुकं लाकूड साधारण अडीच ते साडेतीन क्विंटल लागतं. खाली लोखंडी पाळणा असला की हवा खालून खेळते आणि लाकूड कमी लागतं. अडचण बहुतेक वेळा वजनाची नसते, ओलाव्याची असते. आठवड्यापूर्वी तोडलेली बाभूळ किंवा लिंब चार क्विंटल आणला तरी तो धुमसतो, कारण निम्मी आग लाकडातलं पाणी आटवण्यातच जाते. ओंडक्याचं टोक बघा : सुकं असेल तर त्याला चिरा पडलेल्या असतात, एकमेकांवर आपटलं की ठणठणीत वाजतं. ओलं असेल तर धप्प वाजतं आणि साल घट्ट असते.

रचताना जाड ओंडके तळाला, मधे मनगटाएवढे, फटींत तुराट्या नाहीतर पऱ्हाट्या. गोवऱ्या कडेनं आणि छातीच्या भागात, तिथं जळायला सर्वांत वेळ लागतो. सगळ्या फटी बुजवल्या की हवा कोंडते, हे उत्साहात होतं. अंगावरची नायलॉनची साडी, पॉलिस्टरची शाल, फोमची उशी काढा, ती वितळून चिकटतात आणि धूर करतात. सुती कापड राहू द्या. पेट्रोल कधीच वापरू नका, त्याची वाफ ठिणगीसरशी भडकते आणि अग्नी देणारा भाजतो. कापूर, तूप, राळ पुरते.

आता पैसे. ट्रॅक्टरची ट्रॉली 'अंदाजे चार क्विंटल' म्हणून खपवतात. वजनकाट्याची दोन वजनं मागा, रिकाम्या ट्रॉलीचं आणि भरल्या ट्रॉलीचं. वखारीतल्या काट्यावर वैधमापन शास्त्र विभागाचा पडताळणीचा शिक्का चालू वर्षाचा आहे का तेही बघता येतं. मणाचा भाव सांगितला तर मण किती किलोचा, ते विचारा. पाच घरांनी मिळून उन्हाळ्यात दोन ट्रॉल्या सुकं लाकूड शेडखाली रचून ठेवलं तर पावसाळ्यात कुणावरच वेळ येत नाही.

पूर्णा

शंका आहे. मुलगी पुण्याहून येणार, पोचायला रात्र होणार, उन्हाळ्यात पारा ४२ च्या वर. गावात शवपेटी आणली तर वीज जाते. काय करावं?

दुधना

पूर्णाताई, पेटी आणायची तर आधी तिला रिकामी तासभर चालू ठेवायला सांगा, मगच देह ठेवा. आतलं तापमान २ ते ४ अंशांच्या आसपास हवं. पेटीवर आकडा दिसतो. दर्शनाला आलेल्या प्रत्येकासाठी झाकण उघडलं की पेटी पुन्हा गार व्हायला वेळ घेते. वरची काच त्यासाठीच असते.

गावात दोन गोष्टी घडतात. संध्याकाळी विजेचा दाब पडतो आणि कॉम्प्रेसर बंद पडतो, म्हणून पेटीवाल्याला स्टॅबिलायझर सोबत द्यायला सांगा. आणि घरातला सैल सॉकेट तापून वितळतो. जनरेटर नसेल तर बर्फाच्या लाद्यांची सोय हाताशी ठेवा : जमिनीवर प्लास्टिक, लाद्या गोणपाटात गुंडाळून दोन्ही बाजूंना आणि पोटाच्या भागाजवळ, पाणी जायला एका कडेला उतार. खोलीत पंखा चालेल, खिडकीचं ऊन नको.

नाहीतर सरळ पर्याय असा की मृत्यू रुग्णालयात झाला असेल तर तिथल्याच शवागारात ठेवायची विनंती करा आणि मुलगी पोचायच्या तीन तास आधी देह घेऊन तिथून निघा. सरकारी शवागारात कुणी पैसे मागितले तर देऊ नका, निवासी वैद्यकीय अधिकाऱ्याला सांगा.

दुधना

रुग्णालयाचं वेगळं लिहितो, विषय मोठा आहे.

बिल बाकी आहे म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं तयार केलेल्या आणि केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं २०१९ मध्ये राज्यांना पाठवलेल्या रुग्णहक्क सनदेत हे स्पष्ट आहे. बिल नंतर वसूल करायचा त्यांचा हक्क राहतो, देह तारण ठेवायचा नाही. बिलिंग खिडकीवर वाद घालत बसू नका. वैद्यकीय अधीक्षकांना दोन ओळींचा अर्ज द्या, पोच घ्या, त्यावर वेळ लिहा. तरी देह मिळाला नाही तर ११२ ला फोन करून पोलिसांना कळवा. शहरात महापालिकेचा आरोग्य अधिकारी, ग्रामीण भागात जिल्हा शल्य चिकित्सक, हे दोघे रुग्णालयांचे नोंदणी अधिकारी म्हणून दाद घेतात.

निघताना तीन कागद हातात पाहिजेत : मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र, तपशीलवार बिल आणि मृत्यू सारांश. शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरनं कारणाचं प्रमाणपत्र विनाशुल्क द्यायचं, असं जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ चं कलम १० सांगतं. उपचाराची कागदपत्रं मागितल्यापासून ७२ तासांत द्यायची असतात.

शिवार

गावाकडचा नेहमीचा पेच. शेतात साप चावला, विहिरीत पाय घसरला, वीज पडली. भावकी म्हणते चिरफाड नको, लवकर माती द्या. काय सांगावं?

तेरणा

सांगा की थांबा. मन धजत नाही, हे खरं आहे, पण हीच घाई त्या घराला सर्वांत महाग पडते.

अपघाती किंवा संशयास्पद मृत्यूत पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम १९४ प्रमाणे पोलीस मरणोत्तर पंचनामा करतात, मग शवविच्छेदन. सरकारी रुग्णालयात ते फुकट होतं. दिवस मावळल्यावरही पुरेशी सोय असलेल्या रुग्णालयात करायला केंद्रानं नोव्हेंबर २०२१ मध्ये मुभा दिली, पण खून, आत्महत्या, बलात्कार, कुजलेला देह किंवा संशयास्पद प्रकार त्यातून वगळले आहेत. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात बहुधा सकाळच उजाडते, तेव्हा रात्रीची शवागाराची सोय कुठं, ते आधी विचारा.

कशासाठी हे सगळं? गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत शेतकऱ्याच्या किंवा त्याच्या कुटुंबातल्या एका सदस्याच्या अपघाती मृत्यूला २ लाख मिळतात. वय १० ते ७५. सर्पदंश, विंचूदंश, बुडणं, विजेचा धक्का, वीज पडणं यात येतं. आत्महत्या आणि नैसर्गिक मृत्यू येत नाही. अर्ज ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडं. सातबारा, वारसाचा दाखला, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल जोडावा लागतो. शवविच्छेदन नसलेला दावा फार लटकतो. वीज पडून गेलेल्यांसाठी तहसीलमार्फत आपत्ती निधीची ४ लाखांची मदतही आहे.

पोलीस ठाण्यातून आकस्मिक मृत्यूचा नोंद क्रमांक त्याच दिवशी लिहून घ्या. पुढं पाच कार्यालयांत तोच विचारतात. व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढलेले अवयवांचे नमुने, राखून ठेवला असेल तर अंतिम कारण प्रयोगशाळेच्या अहवालानंतरच येतं, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

मांजरा

आणि मृत्यूची नोंद २१ दिवसांत. आपल्या गावच्या ग्रामपंचायतीत करायची, ग्रामसेवक करतात.

तेरणा

मांजराभाऊ, इथं दुरुस्ती करतो, कारण याच गैरसमजानं माणसं खेटे घालतात. नोंद राहत्या गावी होत नाही, जिथं मृत्यू झाला तिथं होते. परतूर तालुक्यातला माणूस घाटी रुग्णालयात गेला तर दाखला छत्रपती संभाजीनगर महापालिकेचा. रुग्णालयातल्या मृत्यूची खबर द्यायची जबाबदारी रुग्णालयाची असते, पण नाव, वडिलांचं नाव, पत्ता यांचं अक्षर तुम्ही तपासायचं. घरी मृत्यू झाला तर कुटुंबप्रमुख किंवा जवळचा नातेवाईक खबर देतो. चालत्या गाडीत मृत्यू झाला तर जिथं गाडी पहिल्यांदा थांबली तिथं.

ऊसतोडीला गेलेल्या घरांनी हे नीट ध्यानात ठेवावं. बीड, जालना, परभणीतून टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. तिथं कुणी दगावलं की देह घेऊन रातोरात गावी निघतात, नोंद राहते. मग दाखल्यासाठी परत तेवढंच अंतर. निघण्याआधी तिथल्या ग्रामपंचायतीत किंवा रुग्णालयात लेखी खबर द्या आणि पोच घ्या. मुकादमाकडून कामाला असल्याचं लेखी घेतलं तर आणखी बरं.

मुदतीचं असं. २१ दिवसांत नोंद फुकट, आणि खबर देणाऱ्याला पहिला दाखलाही कलम १२ प्रमाणे फुकट. २१ ते ३० दिवस विलंब शुल्क. ३० दिवसांपुढं वर्षाच्या आत वरिष्ठ निबंधकाची लेखी परवानगी. वर्ष उलटलं की जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश. हा बदल २०२३ च्या दुरुस्तीनं आला, १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू आहे.

स्मशानभूमीची किंवा कब्रस्तानची पावती जपून ठेवा. घरी झालेल्या मृत्यूत तोच मोठा पुरावा.

मांजरा

बरोबर आहे, दुरुस्ती मान्य. धन्यवाद.

सातमाळा

दहन सोडून बाकीच्या पद्धतींबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते.

लातूर, नांदेड, धाराशिव भागात लिंगायत घरं पुष्कळ. देह बसवून समाधी देतात, त्यामुळं वेळेचं गणित निराळं. शरीर दोन ते चार तासांत ताठायला लागतं आणि बारा तासांच्या आसपास पूर्ण ताठतं, उन्हाळ्यात त्याहून लवकर. शवपेटीत आडवा ठेवलेला देह नंतर बसवणं अवघड जातं. म्हणून जंगम स्वामींना निरोप आणि बसवण्याचा निर्णय आधी, पाव्हण्यांची वाट नंतर. खड्डा खोल लागतो. काळ्या मातीत पावसाळ्यात कडा ढासळतात, मुरमाड जागा निवडा. जेसीबी तासावर घेत असाल तर तास कुठून धरणार, निघाल्यापासून की पोचल्यापासून, ते आधी ठरवा.

मुस्लिम घरांत उशीर करत नाहीत, त्यामुळं कागद राहून जातात. गुस्ल (मृताला घालायची आंघोळ) आणि कफन, पुरुषाला तीन कापडं, स्त्रीला पाच, हे खर्चाचं काम नाही. कबरीवर आडव्या टाकायच्या फरशांचा आणि खोदाईचा दर मात्र कब्रस्तान कमिटीकडं लिहिलेला असावा आणि पावती मिळावी. कब्रस्तान वक्फ नोंदणीचं असेल तर जादा वसुलीची तक्रार वक्फ मंडळाकडं करता येते. राज्य मंडळाचं मुख्यालय संभाजीनगरला पाणचक्कीतच आहे.

बौद्ध घरांत त्रिशरण-पंचशील आणि पुढं पुण्यानुमोदन एवढंच असतं. ठेकेवाल्याच्या यादीतला गुरुजींचा आणि दहाव्याचा खर्च सरळ वजा करायला सांगा.

एक गोष्ट ठाम सांगते. सार्वजनिक स्मशानभूमी जातीवरून नाकारता येत नाही. नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ च्या कलम ४ नं तो गुन्हा आहे, आणि मृत अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर अत्याचार प्रतिबंध कायदाही लागतो. अशा वेळी तडजोडीची बैठक बसवत थांबू नका, तहसीलदार आणि पोलीस दोघांनाही एकाच वेळी कळवा.

वैतागवाडी_ग्रंथालय

देहदानाचं थोडक्यात. घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण महाविद्यालय, लातूरची विलासराव देशमुख संस्था, नांदेडचं शंकरराव चव्हाण महाविद्यालय, इथं शरीररचनाशास्त्र विभागात अर्ज मिळतो. अर्ज भरला म्हणजे झालं असं नाही. मृत्यूनंतर वारसांची संमती लागते, एक मुलगा अडून बसला तरी विभाग देह घेत नाही. शवविच्छेदन झालेला, कुजलेला किंवा एचआयव्ही, काविळीसारखा संसर्ग असलेला देह नाकारतात. त्यामुळं पानावर दुसरा पर्याय लिहाच. नेत्रदान झालेलं असेल तर देहदानाला अडचण येत नाही. डोळे सहा तासांच्या आत काढावे लागतात : पंखा बंद, पापण्या मिटून त्यावर ओला कापूस, डोक्याखाली उशी.

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार. तक्रारीचं राहिलं, ते मीच लिहितो.

पैसे घेऊन दिलेली सेवा असेल, म्हणजे ठेकेवाला, गाडीवाला, पेटीवाला, खासगी रुग्णालय, तर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ लागू होतो. पावती न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवा, बरेच वाद तिथंच मिटतात. नाही मिटले तर जिल्हा ग्राहक आयोग. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्ह्यातच चालतं, ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, मुदत २ वर्षं. पुण्याच्या गाडीवाल्याविरुद्ध तक्रार तुम्ही राहता त्या हिंगोलीत किंवा जालन्यात करू शकता. पुरावा म्हणून ठरलेल्या दराचा संदेश, यूपीआयची नोंद आणि गाडी नंबरचा फोटो एवढं पुरतं. म्हणून रोख कमी द्या.

दाखल्याला कार्यालय टाळाटाळ करत असेल तर तो ग्राहक वाद नव्हे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अपील करा. त्या सेवेची मुदत आणि अपील अधिकाऱ्याचं नाव कार्यालयाच्या फलकावर असायलाच हवं, चुकल्यास अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये शास्ती आहे.

खर्चाला हातभार म्हणून : ईएसआयचा (कर्मचारी राज्य विमा) विमाधारक असेल तर अंत्यविधीचे १५ हजारांपर्यंत मिळतात. दारिद्र्यरेषेखालचा कर्ता माणूस १८ ते ५९ वयात गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून २० हजार, तहसीलच्या संजय गांधी शाखेत अर्ज. बँक खात्यातून वर्षाला ४३६ रुपये कापले जात असतील तर तो जीवन ज्योतीचा २ लाखांचा विमा आहे, आणि २० रुपये कापले तर अपघाताचा. पासबुक तपासल्याशिवाय खातं बंद करू नका.

पूर्णा

दाखल्याच्या प्रती किती घ्याव्यात?

तेरणा

सहा-सात मूळ प्रती एकदमच घ्या : बँक, विमा, पेन्शन, फेरफार, वीज मीटर, रेशन कार्ड. फेरफारासाठी तलाठ्याकडं ३ महिन्यांच्या आत वारस नोंदीचा अर्ज द्यायचा असतो. त्याआधी दाखल्यावरचं नाव सातबाऱ्याशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. 'गंगाधर' आणि 'गंगाराम' असा फरक असेल तर दुरुस्ती कलम १५ खाली त्याच निबंधकाकडं होते. दहाव्याच्या आधी लक्षात आला तर ते एका दिवसाचं काम आहे.